‘स्मार्ट’ सामान घेण्याआधी त्याची बोली विचारा

अमरावतीचा इतवारा असो की अकोल्याचा टिळक रोड, आता लहान दुकानदारही कॅमेरा, शटरचा भोंगा, मोबाईलवरून चालणारा दिवा बसवू लागले आहेत. कापड घेताना आम्ही पन्हा मोजतो, सूत चोळून पाहतो. हे सामान मात्र डब्यावरचे ‘स्मार्ट’ वाचूनच घेतले जाते. ते मोबाईलशी कोणत्या बोलीत बोलते, हे कोणी विचारत नाही. या बोलीला प्रोटोकॉल म्हणतात. एका मशीनची बॉबिन दुसरीत बसेलच असे नाही, हे आमच्या शिलाई कारागिरांना सांगायला नको. इथेही तसेच आहे.

वायफायला राउटर पुरतो, पण ते सेल लवकर खाते. म्हणून शटरवरच्या सेन्सरला झिगबी ही बोली बरी. तिच्यासाठी हब नावाचा वेगळा डबा घ्यावा लागतो. ब्लूटूथ दुकानाच्या पायरीपलीकडे फारसे जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ ही सामाईक बोली आली. निरनिराळ्या कंपन्यांचे सामान एकत्र चालावे हा तिचा हेतू, पण पहिल्या आवृत्तीत कॅमेरे नव्हते. म्हणून नुसता शिक्का पाहू नये, नेमकी वस्तू विचारावी.

खरा प्रश्न पुढेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात अशांततेनंतर इंटरनेट बंद करण्यात आले होते. अशा दिवसांत दुकानाला कुलूप असते, मालक घरी असतो आणि नेमके तेव्हाच मोबाईलवर दुकान दिसत नाही.

वायफाय आणि इंटरनेट एकच, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. वायफाय म्हणजे दुकानातल्या दुकानातले बोलणे. ते इंटरनेटशिवायही चालते. पण बऱ्याच स्वस्त वस्तूंचा निरोप आधी कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो व तेथून परत येतो. नेट गेले की निरोप अडकला. कॅमेरा फक्त कंपनीकडेच चित्रण साठवत असेल, तर त्या रात्रीचा पुरावाही राहत नाही. मेमरी कार्ड किंवा डीव्हीआर असेल तर चित्रण दुकानातच राहते, मात्र वीज हवी. म्हणून राउटर व डीव्हीआर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. आमच्या मते हा खर्च महागड्या कॅमेऱ्यापेक्षा आधीचा.

नेट बंद असताना घरबसल्या दुकान पाहता येत नाही, हे मान्य करावे. फोनची सेवा सुरू असेल तर सिमकार्डवरून मालकाला फोन लावणारा भोंगा उपयोगी पडतो. यातील जुन्या पद्धतीचे भोंगे २जीवर चालतात. त्यात जिओचे सिम चालत नाही, कारण त्यांचे जाळे २जीचे नाही.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला सांगावे: राउटर चालू ठेवा, नेटची वायर तेवढी काढा, मोबाईलचा डेटाही बंद करा आणि आता दिवा लावून, भोंगा वाजवून दाखवा. टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच ठेवावेत.