मांडवातलं मशीन

भालकीत साउंडवाल्याचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच. वैशाखातली लग्नं, बसवजयंती, गावोगावचे सप्ताह. पारा चाळिशीपार आणि मशीन सकाळपासून चालू. मार्गशीर्षात खानापूरच्या मैलार मल्लण्णाला, म्हणजे आपल्या खंडोबाला, गर्दी होते तेव्हा हेच ॲम्प्लिफायर मुकाट चालतात. वैशाखात मात्र ऐन मंगलाष्टकांत बंद पडतात. लोक साउंडवाल्याला शिव्या घालतात. बऱ्याचदा त्यात मशीनचा दोष नसतो, ते कुठं ठेवलं होतं याचा असतो.

आपल्याकडे या धंद्यात अहुजाचं नाव पूर्वापार. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची. त्या घराण्यातलं साधं २५० वॅटचं मशीन घ्या. गाणं सतत पूर्ण ताकदीनं वाजत नाही. सरासरी धरली तर आठव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे ३१ वॅट. तेवढ्यासाठी जुन्या पद्धतीचं सर्किट हिशेबानं ११२ वॅट तरी ओढतं. उरलेल्या सुमारे ८० वॅटची नुसती उष्णता होते आणि ती मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून, म्हणजे हीट सिंकमधून, बाहेर पडावी लागते. हीट सिंक हवेपेक्षा ४० अंशांनी तापत असेल, तर हिवाळ्याच्या रात्री ५५ ते ६० वर थांबेल. वैशाखात दुपारी ८० च्या वर जाईल. अशा वेळी आतला थर्मल स्विच मशीनची लाइन तोडतो, ते बरंच करतो. नव्या क्लास-डी मशीनमध्ये ही नासाडी फार कमी होते, म्हणून ती हलकी आणि थंड असतात.

आणि आपण काय करतो? मशीन स्टेजखाली सरकवतो, वर सतरंजी टाकतो. मागच्या जाळीत धुळीची गादी बसलेली असते. ब्रश मारायला पाच मिनिटं लागतात, पण हंगामात कुणाला सवड?

मशीन उघडलं की कारागिराची खरी परीक्षा दिसते. पॉवर ट्रान्झिस्टर हीट सिंकवर स्क्रूनं आवळलेला असतो. त्याच्या धातूच्या अंगातच सप्लायचा व्होल्टेज असतो, म्हणून दोघांमध्ये अभ्रकाचा पापुद्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट. अभ्रक वीज अडवतं, उष्णता जाऊ देतं. पेस्ट बारीक फटी बुजवते. पेस्ट कमी पडली तर ट्रान्झिस्टर जळतो, थापून लावली तरी उष्णता अडते. अभ्रकाला चीर गेली की थेट शॉर्ट. आणखी एक: स्विच बंद केला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जाणता मेकॅनिक आधी रेझिस्टर नाहीतर बल्ब लावून ती उतरवतो, मग हात घालतो.

आता सगळ्यांत वाईट सवयीकडे येऊ. मिक्सर एका बोर्डावर, मशीन दुसऱ्या बोर्डावर, दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, मध्ये माइकच्या वायरची जाळी. ही वर्तुळाकार वाट तयार झाली की स्पीकरमधून ५० हर्ट्झचा जाड ‘घूं’ सुरू होतो. कपॅसिटर म्हातारे झाले तर आवाज १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत येतो. मुरलेला कान दोन्हीतला फरक ओळखतो. पहिल्या ‘घूं’वर झटपट इलाज म्हणजे प्लगची तिसरी पिन काढून टाकणं. आवाज जातो खरा, पण मशीनची पेटी अनाथ होते. आत एखादी वायर सोलून पेटीला टेकली तर २३० व्होल्ट पेटीवर, आणि तिथून वायरच्या जाळीतून कीर्तनकाराच्या हातातल्या माइकपर्यंत. पावसानं मांडव ओला असेल तर विचारूच नका. आपल्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन लांब असते ती यासाठीच, की आत जाताना ती आधी लागावी आणि निघताना शेवटी सुटावी.

‘घूं’वर खरे इलाज स्वस्त आहेत. मिक्सर आणि मशीनला एकाच ठिकाणाहून लाइन द्या. लांबच्या वायरला बॅलन्स्ड केबल वापरा: तिच्या दोन तारांत सिग्नल उलटसुलट जातो, बाहेरची घरघर मात्र दोन्हींत सारखीच शिरते, आणि वजाबाकीत ती गळून पडते. रोषणाईच्या डिमरची लाइन वेगळी ठेवा. माइकच्या वायरीशेजारून ती नेऊ नका. जनरेटर असेल तर त्यालाही अर्थिंग हवं.

कर्ण्याच्या तारेत काय असतंय, असंही लोक म्हणतात. लांबवर कर्णे टांगले की १०० व्होल्ट लाइन वापरतात. आवाज पूर्ण सोडला की तिच्या उघड्या जोडावर खरोखर शंभर व्होल्टपर्यंत असतात. जोडाला टेप हवीच.

फ्यूजच्या जागी वायरीच्या चार-पाच तारा पिळून लावलेलं मशीन सरळ परत पाठवावं. पुढच्या खेपेला मांडव ठरवताना ‘किती वॅट?’ हे नंतर विचारा. आधी मशीनच्या प्लगला तिसरी पिन आहे का, बोर्डावर वीज गळताच लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, हे बघा. नसेल तर साउंडवाल्याला तिचे पैसे वेगळे द्या, पण बसवून घ्या.