राणीच्या बागेतला वसंत

मुंबईकराला ऋतू किती, असे विचारले तर तो दोन सांगेल: पावसाळा आणि उकाडा. थंडीचे चार दिवस तो सवलतीदाखल मोजतो आणि वसंत तर त्याच्या लेखी कवितेपुरताच उरतो. पंचांगाने मात्र चैत्र-वैशाख हे दोन महिने वसंताच्या नावे मांडून ठेवले आहेत आणि ते चूक नाही. फाल्गुन उतरणीला लागला, होळीची राख निवली की या शहरात एक मोठी उलथापालथ सुरू होते. ती जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर चालते, त्यामुळे लोकल गाठण्यासाठी मान खाली घालून चालणाऱ्याला दिसत नाही, इतकेच. ती पाहायची तर जुनी, मोठी आणि नाना जातींची झाडे एकाच आवारात असलेली जागा हवी. मुंबईत अशी जागा भायखळ्याला, स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग. या नावासरशी आपल्याला आठवतात ते पिंजरे, माकडे, हत्ती आणि २०१६ पासून पेंग्विन. परंतु ही बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. १८६२ साली ती लोकांना खुली झाली ती वनस्पतींची बाग म्हणून. देशोदेशींची झाडे आणावीत, ती येथल्या मातीत रुजतात का ते पाहावे आणि लोकांना ती दाखवावीत, असा तो उद्योग होता. त्या झाडांचे आज वृद्ध वृक्ष झाले आहेत. पन्नासहून अधिक एकरांच्या या आवारात तीन हजारांच्या घरात वृक्ष आहेत आणि त्यांच्या जाती अडीचशेहून अधिक भरतात. नव्या गृहसंकुलांच्या बागांत पाच-सहा जातींचीच झाडे ओळीने उभी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. बागेच्या आवाराला लागून जे वस्तुसंग्रहालय आहे, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे, तेथेच १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ माणसे जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. ज्या संस्थेने पुढे सलीम अलींचे पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध केले आणि दोन-तीन पिढ्यांना दुर्बीण धरायला शिकवले, तिचा जन्म या झाडांच्या शेजारचा आहे. पक्षिनिरीक्षणाचा पहिला धडा येथेच गिरवावा, याला एवढे कारण पुरे व्हावे.

आता ती उलथापालथ. थंड देशांत पानगळ हिवाळ्याआधी होते आणि वसंतात नवी पाने येतात. मधे बर्फाचे महिने असतात. आपल्याकडे झाडांचा शत्रू थंडी नसून पाण्याची टंचाई आहे. जमिनीतला ओलावा घटू लागला की पानांवाटे होणारी वाफ थांबवण्यासाठी झाड पाने गाळते. गंमत अशी की पाऊस यायला तीन महिने अवकाश असतानाच बहुतेक झाडे पुन्हा पालवतात. पिंपळ आठ-दहा दिवसांत तांबूस कोवळ्या पानांनी झळकू लागतो, कुसुम तर लालभडक होतो. हा लाल रंग निव्वळ शोभेचा नाही. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरेसे तयार झालेले नसते. ते लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून आणि पाने खाणाऱ्या किडींपासून काही अंशी वाचवते, असे मानले जाते. किडी तरीही येतातच. अळ्यांचा सुकाळ होतो आणि हेच पक्ष्यांच्या विणीचे गणित आहे. एरवी दाणे किंवा फळे खाणारे पक्षीसुद्धा पिलांना अळ्या-किडे भरवतात. चिमणीही त्याला अपवाद नाही. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरात बदल घडतात, नर गाऊ लागतात, जागा राखू लागतात. दयाळ एरवी झुडपात गुपचूप वावरणारा काळा-पांढरा पक्षी, पण मार्चमध्ये तो शेंड्यावर बसून पहाटेपासून शीळ घालतो. पहाटच का, तर उजेड अपुरा असल्याने तेव्हा किडे शोधणे अवघड असते आणि हवा स्थिर असल्याने आवाज दूरवर जातो. रिकामा वेळ गाण्यात घालवावा, एवढा व्यवहार त्यालाही कळतो!

पळस, पांगारा आणि काटेसावर ही मंडळी याच सुमारास निष्पर्ण अंगाने फुलतात. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात. ती लाल-केशरी असतात, त्यांना वास जवळजवळ नसतो आणि मध मात्र भरपूर असतो. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्याला उत्तम दिसतो. म्हणजे हे आमंत्रण कुणासाठी आहे ते उघड आहे. अशा फुललेल्या झाडाखाली अर्धा तास नुसते उभे राहिले तरी शिंजीर, बुलबुल, साळुंकी, कोतवाल, राघू असा सारा दरबार पाहून होतो. नशिबाने पळसमैना भेटतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाहुण्या मध्य आशियाकडून येतात, हिवाळा आपल्याकडे काढतात आणि परतीला निघण्यापूर्वी या मधावर तुटून पडतात. एप्रिल संपता संपता त्या गेलेल्या असतात. तेव्हा वसंत हा येणाऱ्यांचा ऋतू जसा आहे, तसाच निरोपाचाही आहे.

बागेचा खास मानकरी म्हणजे उर्वशी. ब्रह्मदेशातला हा वृक्ष. त्याचे शास्त्रीय नाव तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्या पत्नीच्या सन्मानार्थ ठेवले गेले. फूटभराहून लांब देठांवर खाली लोंबणारी शेंदरी फुले, त्यांवर पिवळे ठिपके. पाहणारा क्षणभर थबकतोच. हिला बी क्वचितच धरते, त्यामुळे प्रत्येक झाड ही जपायची वस्तू आहे. जवळपास कैलासपती खोडावरच फुलत असतो आणि सीता अशोक नारिंगी गुच्छांनी लगडलेला असतो. रस्त्याकडेचा उंच, शिडशिडीत हिरवा ‘अशोक’ हा खरा अशोक नव्हे, हे येथे दोन्ही शेजारी पाहून एकदाचे पटते. गोरखचिंच या दिवसांत निष्पर्ण असते; तिला वठलेली समजून हळहळू नये. ती आफ्रिकेची, पावसानेच जागी होते.

फुलांइतकेच लक्ष वड, उंबर, पिंपळ यांच्याकडे द्यायला हवे. उंबराचे फूल दिसत नाही असे आपण म्हणतो, कारण ते फळाच्या आत असते. तेथवर पोहोचते ती चिमुकली गांधीलमाशी, आणि बहुधा प्रत्येक जातीच्या उंबर-वडाची माशी वेगळी. माशीचा वंश टिकायचा तर कुठल्या ना कुठल्या झाडाला फळ धरलेलेच हवे. म्हणूनच एका जातीची सगळी झाडे एकदम फळत नाहीत, आणि म्हणूनच पक्ष्यांचे हे अन्नछत्र बाराही महिने चालते. फळांनी लगडलेला वड सापडला की फिरणे थांबवावे. हळद्या, कोकीळ, तांबट तेथेच येतील. कोकिळेविषयी एक खुलासा : गातो तो काळा नर. ठिपकेदार मादी फक्त ‘किक् किक्’ करते. आपल्या साहित्याने गाण्याचे सारे श्रेय तिला देऊन टाकले. ती मात्र कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवण्यात गुंतलेली असते.

आणि आता तांबट. चिमणीहून थोडासा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती किरमिजी, गळा पिवळा. इतका रंगीत असूनही तो सहज दिसत नाही, पण ऐकला नाही असा मुंबईकर नसेल. ऊन चढू लागले की तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसे ‘टुक् टुक् टुक्’ सुरू होते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे नाव समजावून सांगायला नको. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते. प्रत्येक ठोक्याला गळ्याची पिशवी फुगते. शिवाय तो मान इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज कुठून येतो ते कळत नाही. त्याला शोधायचे तर झाडाचा सर्वांत उंच, वाळका शेंडा पाहावा.

वाळक्या फांद्यांशी त्याचे नाते शेंड्यापुरते नाही. तांबटाची जोडी आपले घर स्वतः कोरते, आणि जिवंत लाकूड त्या जाड पण लहान चोचीला झेपत नाही. त्याला हवी असते मेलेली, आतून मऊ पडलेली फांदी. तिच्या खालच्या अंगाला तो रुपयाएवढे गोल दार कोरतो. खाली तोंड असल्याने पुढे वळिवाचा पाऊस आत शिरत नाही. त्याने सोडलेली ढोली दुसरे लहान पक्षी वापरतात. राघू, साळुंकी, धनेश यांनाही ढोल्याच लागतात, त्या मात्र मोठ्या. राखी धनेशाची मादी तर ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवत राहतो. ढोली जुन्या झाडालाच असते. नवे रोप लावून ती मिळत नाही. त्यासाठी पन्नास-साठ वर्षे थांबावे लागते.

येथे एक पेच आहे. मुंबईत पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालते ती नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे विणीच्या भरात, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती वाळक्या फांदीवर. हे काम अनाठायी नाही. वाऱ्यापावसात फांद्या अंगावर पडून या शहरात माणसे दगावली आहेत. वाटेवर, बाकावर, मुलांच्या खेळण्यावर झुकलेली मेलेली फांदी काढलीच पाहिजे. परंतु बागेत सगळ्याच फांद्या वाटेवर नसतात. हिरवळीच्या मध्यावर, माणूस जात नाही अशा कोपऱ्यात उभी असलेली फांदी बुंध्यापासून सफाचट करण्याऐवजी आखूड करून ठेवली तर धोकाही टळतो आणि तांबटाचे घरही राहते. छाटणीचा आदेश देणाऱ्याने आधी पाच मिनिटे दुर्बीण लावून पाहावे, एवढाच हा प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणेही येते. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले. या बागेत असे वृक्ष किती निघतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तीच गोष्ट पाचोळ्याची. तो झाडून जाळला वा उचलून नेला की त्यातले किडेही जातात, आणि बुंध्यापर्यंत फरशी बसवली की मुळांचा श्वास कोंडतो. स्वच्छ दिसणारी बाग पक्ष्यांच्या दृष्टीने पुष्कळदा रिकामी असते. २० मार्चला, २०१० पासून, जागतिक चिमणी दिन साजरा होतो. त्या दिवशी लाकडी घरटी वाटली जातात. वाटावीत, पण पिलांना भरवायच्या अळ्या कुठून येणार, हेही कुणी विचारावे.

या बागेच्या बाबतीत तरी असे विचारणारे लोक पूर्वी निघाले आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा भव्य आराखडा पुढे आला, तेव्हा काही नागरिकांनी एकेक झाड मोजून, ओळखून, त्याची नोंद करून तो वाद लढवला. यादी हातात असली की झाडाच्या बाजूने बोलणे सोपे जाते, हे त्यांनी दाखवून दिले.

अशी नोंद कुणालाही करता येते. एक वही, पेन्सिल, जमल्यास आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण एवढे साहित्य पुरते. सारी बाग पालथी घालण्यापेक्षा पाच झाडे निवडावीत आणि फाल्गुन ते ज्येष्ठ दर आठवड्याला त्यांच्यापाशी जावे. पाने किती, कळ्या किती, फळ धरले का, कोण आले, काय खाल्ले, हे तारखेसह लिहावे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात भारतभरचे लोक आणि शाळा झाडांच्या अशा साप्ताहिक नोंदी देतात, पक्ष्यांच्या नोंदींसाठी ‘ई-बर्ड’ आहे. दहा जणांच्या वह्या जमल्या की बहावा गेल्या वर्षीपेक्षा लवकर फुलला की उशिरा, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. मुलांना बरोबर न्यावे. नावे पाठ करून घेण्याऐवजी एकाच पक्ष्यामागे दहा मिनिटे लावावीत.

पथ्ये थोडीच. कपडे मळकट रंगाचे असावेत, भ्रमणध्वनी मुका असावा. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला बोलावू नये. त्याला वाटते प्रतिस्पर्धी आला, आणि तो घरटे सोडून भांडायला धावतो. घरटे दिसले तर दुरून पाहून पुढे व्हावे, छायाचित्रासाठी पाने बाजूला सारू नयेत. आपण उघडे केलेले घरटे कावळा आपल्या पाठोपाठ पाहतो.

बाग बुधवारी बंद असते आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वेळा फाटकावर आधी विचारून घेतलेल्या बऱ्या. पोहोचावे मात्र उजाडतानाच. नऊनंतर उन्हाचा ताव वाढतो, शिंजीर सावलीत शिरतात, दयाळ गप्प होतो, शाळांच्या सहलींचा गलका सुरू होतो. त्या गलक्यातही वरून कुठूनतरी टुक् टुक् चालूच असते. वही मिटण्यापूर्वी एकदा सर्वांत उंच वाळक्या शेंड्याकडे पाहून घ्यावे.