तालमीनं मनं जुळतात का?

युवक महोत्सव जवळ आला की नांदेड-लातूरच्या कॉलेजांत एकांकिकेच्या तालमी सुरू होतात. वेगवेगळ्या वस्त्यांतली, जातिधर्मांची पोरं रोज एका खोलीत. त्यानं मनातली अढी कमी होते का?

नुसत्या भेटीगाठी पुरत नाहीत, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं. समान दर्जा, एकच ध्येय, एकमेकांवाचून अडणारं काम आणि संस्थेचा पाठिंबा असेल, तर पूर्वग्रह सैल होतात. यातल्या शेवटच्या तीन गोष्टी तालमीत आयत्याच मिळतात (बक्षीस तर सगळ्यांनाच हवं असतं!). घोडं पेंड खातं ते समान दर्जापाशी. नायक कोण, आणि नेपथ्य उचलायला कोण? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ साली नांदेड जिल्ह्यात दलितांची घरं जाळली गेली. त्या मुलखात हा प्रश्न किरकोळ नाही.

म्हणून मला ठाण्याचा ‘वंचितांचा रंगमंच’ महत्त्वाचा वाटतो. रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात वस्तीतली मुलंच नाटिका रचतात आणि करतात. गोष्टच त्यांची असते. आपल्याकडं तालमीला गेलात तर एवढं बघा: ‘हे वाक्य असं नको’ म्हणायची मुभा कुणाकुणाला आहे?