चालतंय म्हणजे यादी बरोबर आहे?

गैरसमज: प्रोजेक्ट चालतोय, म्हणजे डिपेंडन्सींची यादी पूर्ण आहे.

वस्तुस्थिती: जावास्क्रिप्टवाल्यांनी यावर तर मुळीच विसंबू नये. 2015 साली एनपीएमची तिसरी आवृत्ती आली आणि पॅकेजांची उप-पॅकेजंही, जमेल तिथे, नोड मॉड्यूल्स फोल्डरच्या वरच्याच थरात येऊन बसू लागली. तुम्ही मागवलंत फक्त एक्सप्रेस. पण त्याच्यासोबत आलेलं डीबग नावाचं पॅकेज तुमच्या कोडलाही बिनबोभाट सापडतं. पाहुण्यासोबत आलेल्या पाहुण्यालाच आपण वाढायला उभं केलं, असा हा प्रकार. फोल्डर पुसून सगळं नव्याने इन्स्टॉल केलं तरी तो परत येतोच, म्हणून चूक कळत नाही. उद्या एक्सप्रेसने त्याला आणणं बंद केलं, की तुमचा कोड पडणार. पीएनपीएम मात्र न मागवलेलं पॅकेज मुळात तुमच्या कोडच्या हाती लागू देत नाही. मला हा कडकपणा आवडतो.

गैरसमज: डिपेंडन्सी तपासणाऱ्या टूलने एखाद्या पॅकेजला 'न वापरलेलं' म्हटलं, की ते बेधडक काढा.

वस्तुस्थिती: टूल देतं ती संशयितांची यादी. जावा प्रोजेक्टात मेवनचा डिपेंडन्सी अ‍ॅनालाइझ बायटकोड वाचतो. डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचं नाव तिथे बहुधा नसतंच, कारण तो प्रोग्राम चालू झाल्यावर शोधला जातो. त्याला काढा: कंपाइल सुरळीत होईल आणि डेटाबेसशी जोडणी करताना 'नो सूटेबल ड्रायव्हर' असं उत्तर मिळेल.

पायथनमध्ये नावांचाच घोळ. इन्स्टॉल करायचं पिलो, इम्पोर्ट करायचं पीआयएल. नुसती नावं जुळवून पाहणाऱ्या घरगुती स्क्रिप्टला पिलो फालतू वाटतं आणि पीआयएल गायब! डेप्ट्रायसारखी टूल्स ही जोडी ओळखतात.

गैरसमज: चार जास्तीची पॅकेजं राहिली, तर बिघडलं कुठे?

वस्तुस्थिती: एनपीएम पॅकेजमध्ये इन्स्टॉल होतानाच चालणारी स्क्रिप्ट असू शकते. तुम्ही ते कधी इम्पोर्ट केलं नाहीत, तरी तिला परवानगी असेल तर ती चालते.

मग यादी नीट कशी करायची? गो भाषेत 'गो मॉड टायडी' ही एकच आज्ञा राहिलेलं जोडते आणि नको ते काढते. जावास्क्रिप्टसाठी क्निप हे टूल राहिलेल्या आणि नकोशा अशा दोन्ही पॅकेजांच्या याद्या देतं. त्या हाती आल्या की आधी राहिलेली पॅकेजं नोंदवा. मग नकोशी एकेक करून, वेगवेगळ्या कमिटमध्ये काढा आणि दर वेळी अ‍ॅप डेटाबेसपर्यंत खरोखर चालवून पाहा.