मडगार्ड

मडगार्ड (चिखलरोधक) : वाहनाच्या फिरत्या चाकामुळे उडणारे पाणी, चिखल, खडे व धूळ अडविण्यासाठी चाकावर बसविलेले वक्राकार आच्छादन. मोटारगाडीच्या या भागास ब्रिटिश प्रघातानुसार ‘विंग’, तर अमेरिकन प्रघातानुसार ‘फेंडर’ म्हणतात. मराठीत सायकलीपासून मालमोटारीपर्यंत सर्व वाहनांच्या बाबतीत मडगार्ड हाच शब्द रूढ आहे. फेंडर हा शब्द नौकानयनातही वापरला जातो. धक्क्याला लागताना नौकेची बाजू घासू नये म्हणून मध्ये टांगावयाची गादी म्हणजे फेंडर. पूर्वी ती दोरखंड विणून करीत. कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांच्या कडेला व धक्क्यांच्या भिंतींना टांगलेले जुने टायर हेच काम करतात. पाण्यावर टायर हाच रक्षक असतो आणि रस्त्यावर टायरपासून रक्षण करावे लागते, एवढाच या दोन फेंडरांतील फरक म्हणता येईल.

मडगार्ड हा शोभेचा भाग आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः त्याचा आकार, लांबी व जमिनीपासूनची उंची या बाबी चाकावरून सुटणाऱ्या थेंबाच्या मार्गावरून ठरतात.

तत्त्व : ओल्या रस्त्यावर टायरच्या नक्षीत व पृष्ठावर पाणी आणि चिखल चिकटतो. चाकाबरोबर फिरताना तो टायरला धरून राहण्यासाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाकाची त्रिज्या ३० सेंमी. व वाहनाचा वेग ताशी ३६ किमी. (सेकंदास १० मी.) असल्यास टायरच्या पृष्ठावरील कणाचे प्रवेगमान गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ३४ पट होते. वेग दुप्पट केल्यास ते सु. १३६ पट होते. आसंजन एवढे बल पुरवू शकत नाही आणि कण टायरपासून सुटून स्पर्शरेषेच्या दिशेने फेकला जातो. वाहनाच्या सापेक्ष त्याचा वेग सुटण्याच्या क्षणी वाहनाच्या वेगाइतकाच असतो.

कण कोठे सुटतो यावर त्याची दिशा अवलंबून असते. चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या लगेच मागे सुटलेले कण जवळजवळ आडवे मागे जातात. त्याहून वर सुटलेले कण मागे व तिरपे वर, आसाच्या पातळीस सुटलेले सरळ वर, तर चाकाच्या माथ्यावर सुटलेले पुढे जातात. या शेवटच्या कणांचा जमिनीच्या सापेक्ष वेग वाहनाच्या दुप्पट असतो. परंतु हवेच्या रोधामुळे तो त्वरित कमी होतो व मागून येणारे वाहन त्या कणांना गाठते. पुढच्या चाकावर मडगार्ड नसलेल्या सायकलस्वाराच्या तोंडावर त्याच्याच चाकाचे पाणी उडते ते यामुळे.

हवेचा रोध सोडून दिल्यास सरळ वर जाणारा कण गाठेल ती उंची वेगाच्या वर्गास गुरुत्वीय प्रवेगाच्या दुपटीने भागून मिळते. बैलगाडीचा वेग ताशी ४ किमी. धरला, तर ही उंची जेमतेम ६ सेंमी. भरते. बैलगाडीच्या चाकास मडगार्ड का नसते, याचे उत्तर यातच आहे. ताशी १८ किमी. वेगाच्या सायकलीच्या बाबतीत ती आसापासून सु. १·२५ मी. होते, म्हणजे स्वाराच्या पाठीवरील चिखलाचा पट्टा मानेपर्यंत पोहोचण्यास एवढा वेग पुरेसा आहे. ताशी ३६ किमी. वेगास हीच उंची सु. ५ मी. होते. घोडागाड्या मधल्या वेगाच्या असल्याने त्यांच्या चाकांवर लाकडाचे किंवा पत्र्याचे अर्धवट आच्छादन असे आणि घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी गाडीवानासमोर एक फळी असे. मोटारगाडीतील ‘डॅशबोर्ड’ हे नाव त्या फळीवरून आलेले आहे.

रचना : मडगार्डाचा पुढचा भाग किती खाली आणावा यापेक्षा मागची कडा किती खाली असावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. मालमोटारीच्या चाकाची त्रिज्या ५० सेंमी. असून आसाच्या मागे ६० सेंमी. अंतरावर रबरी पडदा लोंबत आहे असे समजू. पडद्याची खालची कडा जमिनीपासून २० सेंमी. असेल, तर तिच्याखालून निसटणाऱ्या कणांचा क्षितिजाशी कोन जास्तीत जास्त सु. २२° असतो. कडा ४० सेंमी. उंच असल्यास हा कोन सु. ४६° होतो. ताशी ५४ किमी. वेगाने जाणाऱ्या मालमोटारीचे पाणी (हवेचा रोध वगळून) पहिल्या बाबतीत सु. १·६ मी., तर दुसऱ्या बाबतीत जवळजवळ ६ मी. उंच उडू शकते. म्हणजे पडदा अर्ध्याने फाटून गेल्यास मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकासमोर पाण्याची भिंत उभी राहते. प्रत्यक्षात मोठे थेंब इतके वर पोहोचत नाहीत. ते पडद्यावर वा गाडीच्या तळावर आपटून फुटतात आणि त्यांचे सूक्ष्म तुषार होऊन धुक्याप्रमाणे गाडीमागे तरंगत राहतात. चालकाच्या दृष्टीने हे तुषार चिखलापेक्षाही घातक ठरतात, कारण काच पुसण्याच्या दांडीला ते आवरत नाहीत. यावर उपाय म्हणून पडद्याच्या आतील बाजूस गवतासारखे प्लॅस्टिकचे तंतू बसवितात. त्यांत थेंब न फुटता अडकतो व पाणी ओघळून खाली जाते. युरोपीय आर्थिक समुदायाने १९९१ मध्ये जड वाहनांवरील अशा तुषाररोधी साधनांसाठी निर्देश काढला. पडदा वाऱ्याने मागे उचलला जाऊ नये म्हणून त्याच्या खालच्या कडेस सळई किंवा साखळी लावतात. जोडटायरांच्या मध्ये अडकलेले खडे वेगाने सुटतात, तेही हाच पडदा अडवितो.

मडगार्ड टायरच्या जितके जवळ तितके ते परिणामकारक, असे वरवर पाहता वाटते. परंतु स्प्रिंगवर गाडी खाली-वर होते, पुढचे चाक वळते आणि मधल्या पोकळीत चिखल साठतो. या तिन्हींसाठी जागा सोडावी लागते. चिकण चिखलात चालणाऱ्या मोटारसायकलींचे पुढचे मडगार्ड म्हणूनच चाकापासून बरेच उंच व काट्याच्या वरच्या भागास जोडलेले असते. नेहमीच्या रस्त्यावरील सायकलीत ते चाकाच्या लगत असून दोन्ही बाजूंनी सळयांनी आसाशी जोडतात. पत्र्याची कडा आत वळवून गोल केलेली असते. या वळीमुळे पातळ पत्र्यास ताठपणा येतो आणि आत जमलेले पाणी बाजूने न सांडता वळीतून मागे वाहते. भोकाभोवती पत्रा कंपनाने तडकतो, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी जाड पट्टी देतात. मागच्या मडगार्डावर दिवा, परावर्तक व क्रमांकाची पाटी बसवीत असल्याने त्याचे टोक चिखलाने माखले, तर रात्री वाहन मागून दिसेनासे होते. दुसऱ्या महायुद्धात दिवेबंदीच्या काळात ब्रिटनमध्ये मडगार्डांच्या कडा पांढऱ्या रंगवीत.

इतिहास : कार्ल बेंझ यांच्या १८८६ मधील तीनचाकी मोटारगाडीस मडगार्ड नव्हते. वेग वाढल्यावर प्रथम लाकूड व चामडे, नंतर पत्रा यांचा उपयोग होऊ लागला. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘टी’ प्रतिमानात चारही मडगार्डे स्वतंत्र असून पुढचे व मागचे मडगार्ड पाय ठेवण्याच्या फळीने जोडलेले होते. १९३० नंतर त्यांच्या बाजू खाली उतरू लागल्या व आकार फुगीर झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ती गाडीच्या अंगातच सामावली गेली आणि बाहेरून पाहणाऱ्यास मडगार्ड म्हणून वेगळे असे काही दिसेनासे झाले. तरीही पुढचे मडगार्ड बहुधा बोल्टांनीच जोडतात, कारण किरकोळ टकरीत तेच प्रथम चेपते व बदलणे सोपे जाते. उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडर गाडीत ही सोय होती. जीपचे सपाट मडगार्ड या सर्वांहून निराळे. लष्करी वाहन म्हणून ते पत्रा सरळ वाकवून करता येईल असे योजले होते. त्यावर सामान ठेवता येते, दुरुस्तीच्या वेळी हत्यारे ठेवता येतात आणि खेड्यांत माणसेही बसतात. ट्रॅक्टरच्या मागच्या रुंद मडगार्डावर तर माणसे बसविण्याची रीतच पडली आहे. ती अत्यंत धोक्याची आहे, कारण तेथून घसरलेला माणूस सरळ मागच्या चाकाखाली जातो.

दुचाकीच्या बाबतीत भारतात आणखी एक गरज आहे. मागे एका बाजूस पाय सोडून बसलेल्या स्त्रीच्या साडीचा पदर चाकात अडकण्याचा संभव असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलीच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे, कपडे अडकू न देणारे साधन आवश्यक आहे. ‘साडीगार्ड’ म्हणून ओळखली जाणारी ही सळयांची चौकट मडगार्डाचाच बाजूकडील विस्तार होय. गाडी हलकी व चपळ दिसावी म्हणून ती काढून टाकणारे आणि मागचे मडगार्ड आखूड करून घेणारे अनेक आहेत. त्याचे फळ पहिल्या पावसातच पाठीवर दिसते, पदराचे मात्र अपघात झाल्यावरच कळते.

सिंधुदुर्गातील परिस्थिती : महाराष्ट्रात मडगार्डाची खरी कसोटी लागते ती दक्षिण कोकणात. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. घाटमाथ्यावरील आंबोलीस हे प्रमाण सु. ७,००० मिमी. आहे. जमीन जांभ्या दगडाची, लोहाच्या ऑक्साइडांनी तांबडी झालेली. साइडपट्टीवरून उतरलेल्या चाकाबरोबर येणारा चिखल बारीक, चिकट व कपड्यांवरून सहसा न निघणारा असतो. चिरे वाहणाऱ्या मालमोटारी व रेडी भागातील लोहखनिजाची वाहतूक यांमुळे डांबरी रस्त्यावरही तांबडी माती पसरते. रस्ते पुष्कळ ठिकाणी अरुंद आणि दोन्ही बाजूंस गडग्यांनी बंदिस्त असल्याने उडालेल्या पाण्यातून बाजूला होण्यास पादचाऱ्यास जागा नसते. शाळेस चालत निघालेल्या मुलांच्या दृष्टीने एस. टी. गाडीच्या रबरी पडद्याची लांबी ही क्षुल्लक बाब नव्हे.

मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत यात समुद्राच्या मिठाची भर पडते. तारकर्ली-देवबागचा रस्ता कर्ली नदी व समुद्र यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जातो. तेथे खारे तुषार वाऱ्याबरोबर थेट वाहनापर्यंत येतात. मासळी नेणाऱ्या टेम्पोंमधून गळणारे बर्फाचे खारट पाणी रस्त्यावर पडते व मागच्या वाहनांच्या चाकांनी उडून मडगार्डाच्या आतील बाजूस बसते. मिठातील क्लोराइडे पोलादावरील संरक्षक थर फोडतात. शिवाय सागरी मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओलावा सहज शोषून घेत असल्याने पाऊस संपल्यानंतरही पत्रा आतून ओलाच राहतो. चिखलाचा थर पोटिसासारखा चिकटून राहिला, तर त्याखाली ऑक्सिजन कमी व कडेस अधिक अशी स्थिती होते. या फरकामुळे विद्युत्‌रासायनिक घट तयार होऊन थराखालील धातू झिजतो. त्यामुळे गंज बाहेर दिसण्यापूर्वीच पत्रा आतून पोखरलेला असतो. चाकाच्या कमानीची आत वळविलेली कडा, दिव्याच्या वाटीमागील कोपरा आणि मडगार्ड व दरवाजाखालचा पट्टा यांमधील सांधा या जागा प्रथम जातात. चिखल अडविणारा भाग चिखलानेच नष्ट व्हावा, अशी ही स्थिती आहे.

संरक्षण : जस्तलेपित पत्रा, विद्युत् निक्षेपणाने दिलेला प्राथमिक रंगलेप व तळाला डांबरी किंवा रबरी लेप हे नेहमीचे उपाय आहेत. मडगार्डाचा पत्रा सु. ०·७ ते ०·८ मिमी. इतकाच जाड असल्याने लेपाचे महत्त्व अधिक. डांबरी लेप पावसाळ्यापूर्वी द्यावयाचा असल्यास पत्रा धुऊन, गंज खरवडून व पूर्ण वाळवूनच द्यावा लागतो. गंजावर दिलेला लेप ओल व मीठ आत कोंडून ठेवतो आणि नुकसान लवकर करतो. गोड्या पाण्याने आतील बाजू वरचेवर धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, मात्र पाणी बाहेर पडण्याची भोके मोकळी असली पाहिजेत.

दुचाकींच्या मडगार्डांसाठी प्लॅस्टिकचा वापर आता सर्वत्र होतो. ते गंजत नाही; परंतु सळया, बोल्ट व दिव्याचे जोड धातूचेच असतात आणि तेच प्रथम निकामी होतात. मोटारींत पत्र्याच्या आत पॉलिप्रोपिलिनाचे अस्तर बसवितात. त्यामुळे चिखल पत्र्यास सरळ लागत नाही व खड्यांचा आवाजही कमी येतो. तथापि अस्तराच्या वरच्या कडेवरून मागे गेलेली बारीक माती बाहेरून दिसत नाही. किनारी भागात पावसाळा संपल्यावर अस्तराचे चाप काढून ती धुवावी लागते आणि पत्रा वाळल्यावरच अस्तर पुन्हा बसवावे लागते.