कोणता आंबा?

जानेवारीतल्या एका रविवारी बेंगळुरूचा कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो आणि त्याच्या दोन्ही कडांना चित्रं मांडली जातात. कर्नाटक चित्रकला परिषदेची ही ‘चित्र संते’ २००३ साली सुरू झाली. शंभर-दोनशेच्या कागदापासून लाखाच्या कॅनव्हासपर्यंत सगळं इथे रस्त्यावरच विकलं जातं. गणपती, बुद्ध आणि हम्पीच्या देवळांच्या गर्दीत एखाद्या टेबलावर तळहाताएवढ्या कागदांवर जांभळं, सीताफळं, डाळिंबं मांडलेली असतात. खिसा बेताचा आणि घरही बेताचं असलेल्या माणसानं आयुष्यातलं पहिलं अस्सल चित्र घ्यायचं ठरवलं, तर त्याचा हात बहुधा याच टेबलाकडे जातो.

शहराच्या वायव्येला पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते आकाराला आलं. यंत्रांचे सुटे भाग, पावडर कोटिंग, तयार कपडे अशा कामांच्या लहान-मोठ्या शेडमध्ये इथे पाळ्या चालतात. मार्च २०१४ मध्ये पीण्या इंडस्ट्री ते संपिगे रोड अशी मेट्रो धावू लागली आणि संतेचा परिसर एका गाडीच्या अंतरावर आला. नोकरी सांभाळून संध्याकाळी रंगवणाऱ्याला छोटं जलरंगचित्र का परवडतं, हे पीण्यात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. माल किती लागला, कापताना वाया किती गेला, वेळ किती मोडला, हाच तिथला रोजचा हिशेब.

एका कागदात सोळा

जलरंगाचा पूर्ण कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. दोन्ही बाजूंनी चार-चार भाग केले की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे मिळतात आणि कात्रण उरत नाही. ३०० जीएसएमचा सुती कागद महाग असला तरी एका चित्राच्या वाट्याला त्याचा सोळावा हिस्सा येतो. सगळी चित्रं एकाच मापाची असली की माउंटही एकाच मापाचे कापून घेता येतात. पाठीला पुठ्ठा लावून पारदर्शक पाकिटात घातलेली पन्नास चित्रं खांद्यावरच्या पिशवीत मावतात.

सोपेपणा इथे संपतो. पारदर्शक जलरंगात चकाकीसाठी पांढरा रंग लावत नाहीत, तेवढा कागद कोरा राखतात. द्राक्षावरचा प्रकाशाचा ठिपका कुठे येणार, हे पहिला हात फिरवण्याआधीच ठरवावं लागतं. त्या सालीवरचा पांढरट थर दाखवायला फिका निळा हात देऊन, तो ओला असतानाच कडेनं जांभळा सोडतात. जास्त पाणी झालं की डाग फुलतो आणि तो कागद गेला. त्यात फळ थांबत नाही. कापलेलं सफरचंद पाहता पाहता तांबूस होतं, पिकलं केळं दुसऱ्या दिवशी काळं पडतं. म्हणून कापलेल्या फळाची फोड आधी रंगवायची, पार्श्वभूमी मागाहून.

रंग टिकण्याचा प्रश्न आणखी वेगळा. शाळेतल्या कॅमलच्या रंगपेटीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचायची सवय नसते. अस्सल अ‍ॅलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३ हे रंगद्रव्य, डाळिंबाला सुरेख दिसतं, पण उजेडात हळूहळू उडतं. क्विनाक्रिडोन गटातले बरेचसे लाल-गुलाबी रंग त्याहून पुष्कळ टिकाऊ असतात. पैसे घेऊन चित्र द्यायचं तर एवढं वाचायलाच हवं.

पगारी फळचित्रकार

फळं-झाडं छोट्या कागदावर रंगवणं हा एके काळी पगारी व्यवसाय होता. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र राहिलं नाही. बेंगळुरूच्या लालबागेत जॉन कॅमेरून यांच्या कारकिर्दीत चेलुवय्या राजू हेच काम करत होते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १८८६ पासून १९४२ पर्यंत फळांची साडेसात हजारांवर जलरंगचित्रं करून घेतली. त्यांत निम्मी सफरचंदं. डेबोरा ग्रिस्कम पॅसमोर या एकट्या चित्रकर्तीनं त्यांतली दीड हजारांवर रंगवली.

रंगीत छायाचित्रण हाताशी नव्हतं, तेव्हा या कागदांवरून वाणाची ओळख पटायची होती. त्यामुळे देठाची खळगी, सालीवरचा डाग, किडीनं पाडलेलं भोक, सगळं जसंच्या तसं येई. सुंदर पण भलताच आंबा काढणारा तिथे टिकला नसता.

संतेतल्या चित्रकारानं त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट हीच आहे. पिवळा, गोलसर, कुठलाही नसलेला आंबा मोबाइलवर पाहूनही काढता येतो आणि तसे आंबे शेजारच्या दहा टेबलांवर असतात. तोतापुरीची चोच, नागपुरी संत्र्याची सैल साल, बेंगळुरू ब्लू द्राक्षाचा काळपट निळा, देवनहळ्ळीच्या चकोत्याची जाड पांढरी गादी हे मात्र फळ समोर ठेवल्याशिवाय जमत नाही. माझ्या मते भाव त्या पाहण्याचा असतो. ‘कागदावरचं तर आहे’ म्हणून घासाघीस करणाऱ्याला म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाठवावं. तिथली दिवा धरलेली स्त्री पुष्कळजण रविवर्म्याची समजतात. ती सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, समोर उभी करून रंगवली आहे, आणि तीही जलरंगातच.

विकणाऱ्यानं चित्रामागे फळाचा वाण, गाव आणि महिना लिहावा. छापील प्रत असेल तर तसंही लिहावं. घेणाऱ्यानं भाव विचारण्याआधी ‘हा आंबा कोणता?’ एवढं विचारावं. ज्यानं तो समोर ठेवून रंगवला असेल, त्याला उत्तर शोधावं लागत नाही.