‘मँगो’ म्हणजे खरं तर कैरी

हंगामात रत्नागिरीच्या बाजारातून सुटणाऱ्या खोक्यांवर ‘रत्नागिरी अल्फान्सो मँगो’ असं छापलेलं असतं. त्यातला ‘मँगो’ साहेबाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. चार बुकं जास्त शिकलेला कुणी सांगतो, की तो संस्कृत ‘आम्र’वरून आला. दोन्ही चूक. ‘आम्र’वरून आला तो आपला ‘आंबा’. ‘मँगो’ची वाट वेगळी, दक्षिणेची.

इंग्रजांच्या कितीतरी आधी, १४९८ मध्ये, पोर्तुगीज मिरीच्या शोधात मलबारला उतरले. तिथल्या तोंडी शब्द होता ‘मांगा’, तमिळमध्ये ‘मांगाय’. ‘मा’ म्हणजे आंबा, ‘काय’ म्हणजे कच्चं फळ. पिकलेल्या आंब्याला तिकडे ‘मांपळम’ म्हणतात. पोर्तुगीजांनी ‘मांगा’ उचलला आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो इंग्रजीत शिरला. तेव्हा अढीतला पिवळाधमक हापूस हातात घेऊन आपण ‘मँगो’ म्हणतो, ते मुळात त्याला कैरी म्हणणंच झालं.

जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘मँगो’ दिसला की तो आपला रसाळ आंबाच, हाही भ्रमच. गलबताने महिनोन्‌महिने प्रवास करून विलायतेला पिकलं फळ पोचणार कसं? पोचायची ती लोणच्यातली कैरी. त्यामुळे तिथल्या माणसाला ‘मँगो’ म्हणजे लोणचं एवढंच कळलं. मग काकडी, खरबूज, पीच, जे हाती लागेल ते पोखरून, आत मसाला भरून व्हिनेगरात मुरवायचं आणि त्याला ‘मँगो’ म्हणायचं, असा प्रकार सुरू झाला. ‘टु मँगो’ असं क्रियापदसुद्धा झालं! कोबी भरून मुरवलेल्या ढोबळी मिरचीला अमेरिकेत हेच नाव पडलं, आणि ओहायो-इंडियानाकडची जुनी माणसं साध्या ढोबळी मिरचीलाही ‘मँगो’ म्हणत. आंब्याला त्यांनी हातही लावलेला नसेल.

आता खोटे नातेवाईक. भाट्याच्या खाडीकाठची कांदळं पाहून ‘मँग्रोव्ह म्हणजे मँगोचं ग्रोव्ह, आमराई’ असं कुणी म्हणालं तर हसू नका, शब्दाचा घाटच फसवा आहे. तो पोर्तुगीज ‘मांग’वरून आला, आणि तो शब्द अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला मानतात. शेपटाला ‘ग्रोव्ह’ मात्र इंग्रजांनी चिकटवलं. मँगोस्टीन हे फळ मलायी नावाचं. मुलं वाचतात तो ‘मांगा’ जपानी. यांतल्या कुणाचीच आंब्याशी सोयरीक नाही.

राहिला ‘अल्फान्सो’. आफोन्सो द आल्बुकर्कने हापूस पोर्तुगालहून आणला, असं अजून ऐकू येतं. पोर्तुगालच्या हवेत कुठला आंबा? झाड इथलंच. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५१५ मध्ये तो वारला. गोव्यात कलमं बांधण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या जेझुइट पाद्र्यांचा संघच स्थापन झाला १५४० मध्ये. म्हणजे त्याच्या हयातीत हा आंबा असणं कठीण. नाव त्याच्या स्मरणार्थ पडलं असं मानतात. त्या ‘आफोन्सो’चा कोकणात ‘हापूस’ झाला. गंमत म्हणजे ‘आफोन्सो’ हे नावही मूळचं पोर्तुगीज नाही. ते स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ नावाच्या जर्मानिक टोळ्यांचं.

आणि हापूस फक्त रत्नागिरीचा, हेही अर्धसत्य. २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरही आहेत. देवगडकरांसमोर हा विषय काढायचा असेल तर जेवण झाल्यावर काढावा.

आपला ‘आंबा’ मात्र घरीच बसून राहिला, असं नाही. बगदादमध्ये आणि तिथून गेलेल्या ज्यू कुटुंबांमुळे इस्रायलमध्ये, हळद-मेथी घातलेल्या आंबट पिवळ्या कैरीच्या लोणच्याला आजही ‘अंबा’च म्हणतात. मुंबईत व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंनी ते तिकडे नेलं, असं सांगतात. ‘मांगा’ लोणच्याच्या बरणीतून लंडनला गेला, ‘आंबा’ तसाच बगदादला.